अण्णांचा दाखला

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोरीच्या कॉलेजमधून मेसेज आला, अकरावी सायन्स झालेल्या राखीव प्रवर्गातल्या सगळ्यांनी जात पडताळणीचे अर्ज आत्ताच भरून घ्या, पुढच्या वर्षी ॲडमिशनच्या वेळी पळापळ नको. मी म्हटलं त्यात काय, तिचा जातीचा दाखला आहे, माझा शाळेचा दाखला आहे, झेरॉक्स मारू आणि देऊन टाकू. इथंच पहिलं चुकलं.

आम्ही शिंपी, ओबीसी. ओबीसीला पुरावा लागतो तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे त्या तारखेच्या आधी वडिलांकडच्या घराण्यातल्या कुणाच्या तरी कागदावर जात लिहिलेली पाहिजे. (प्रत्येक प्रवर्गाची तारीख वेगळी आहे, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, एससीला १० ऑगस्ट १९५०. हे मला आता झोपेतसुद्धा येतं.) माझा दाखला १९९४ चा, तो एकटा काही कामाचा नाही. मग राहिले अण्णा, माझे वडील, वय पंच्याहत्तर, शाळेत गेले ते साठच्या दशकात. त्यांचा दाखला मिळाला तर काम झालं.

"अण्णा, तुमचा शाळेचा दाखला कुठाय?"

"गिरणीत."

अण्णा १९६८ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागले तेव्हा टाइमकीपरनं ओरिजनल दाखला जमा करून घेतला होता. झेरॉक्स हा प्रकारच नव्हता तेव्हा. पुढं गिरणी बंद पडली, माणसांचे पैसे तुकड्या-तुकड्यानं मिळायला वर्षं गेली, तिथं दाखला कोण परत देतंय. गिरणीबरोबर दाखलापण गेला. आईनं तरी ट्रंकेतली सगळी कागदं जमिनीवर ओतून बघितली. माझं पोलिओचं कार्ड सापडलं, १९८५ ची रॉकेलची पावती सापडली, दाखला नाही.

मग शाळा. आमची शाळा जुनी, दगडी भिंतींची, लाकडी जिना, मधल्या सुट्टीत पोरं चिंचेला दगड मारायची ती चिंच अजून उभी आहे. अण्णा तिथंच शिकले, मीपण तिथंच. नाव लिहीत नाही, पुढं जरा कुरकुर करणार आहे.

पहिल्या दिवशी गेलो तर सुट्ट्या लागलेल्या, ऑफिस साडेदहा ते एक. सोलापूरचा मे, त्यात दुपारी बारा, व्हरांड्यातल्या फरशीवर चप्पल काढून उभं राहवत नव्हतं. आत एक तरुण क्लार्क, पोरगा चांगला होता, उगाच नावं ठेवत नाही, पण त्याचं सगळं कॉम्प्युटरवर. म्हणाला, रजिस्टर नंबर सांगा. म्हटलं रजिस्टर नंबर दाखल्यावर असतो आणि दाखला हरवलाय म्हणून तर आलोय. मग म्हणाला, वर्ष सांगा. म्हटलं साधारण साठ-बासष्ट. "साधारण चालत नाही सर, नक्की सांगा, तेव्हाची रजिस्टरं मोठी आहेत, पानं हात लावला की तुटतात." ते खरंच होतं, पुढं बघितलं मी.

घरी येऊन अण्णांना विचारायला बसलो. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला "तुम्ही पाचवीत कधी गेलात" असं विचारून काही उपयोग नसतो, त्यांना साल आठवत नाही, त्यांना काय काय झालं ते आठवतं. मग आम्ही उलटं सुरू केलं.

अण्णा म्हणाले, पानशेत फुटलं तेव्हा मी नुकताच हायस्कुलात गेलो होतो, आमच्या वर्गातनं पुण्याच्या लोकांसाठी जुने कपडे गोळा केले होते आणि आपले आजोबा शिंपी म्हणून सगळ्या पोरांनी फाटके कपडे आपल्याच दुकानात आणून टाकले, हे नीट करून द्या म्हणून. पानशेत १२ जुलै १९६१. म्हणजे पाचवीला जून १९६१. चीनचं युद्ध झालं तेव्हा? तेव्हा सहावीत, मैदानावर कवायत वाढवली होती. जुळलं, ते १९६२ च्या दिवाळीच्या आसपासचं. मग म्हणाले नेहरू वारले तेव्हा शाळेला सुट्टी दिली होती, आम्ही रडत घरी आलो. मी मोबाइलवर बघितलं, नेहरू गेले २७ मे १९६४. मेमध्ये शाळाच कुठं असते? अण्णांना सांगितलं तर चिडले. "मला आठवतंय ना, तू काय मला शिकवतोस." मग आई आतून म्हणाली, ती सुट्टी आधीचीच असेल, रडला असाल कशानं तरी. हा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

शाळा सोडली कधी ते महत्त्वाचं, कारण ते १९६७ च्या आधी हवं असं मला वाटत होतं. (तसं नसतं, प्रवेशाची नोंद आधीची असली तरी चालते, पण मला तेव्हा कुठं माहीत.) कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपल्या दुकानात काजं-बटणं करत होतो म्हणाले, म्हणजे डिसेंबर १९६७ ला शाळा सुटलेली. शास्त्रीजी गेले ती बातमी गड्ड्याच्या यात्रेच्या (आमच्या सोलापूरची संक्रांतीची यात्रा) तोंडावर आली, तेव्हा पण शाळेत नव्हतो, दुकानातच रेडिओवर ऐकली. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६. म्हणजे नववीत असताना कधीतरी पासष्टच्या शेवटी सुटली. मी हे सगळं एका कागदावर तक्ता करून लिहिलं आणि लई खूश झालो, कॉलेजमध्ये इतिहासात एवढे मार्क पडले नव्हते.

दुसऱ्या खेपेला अण्णांना घेऊनच गेलो. अर्ज दिला, क्लार्कनं शिपायाला पाठवून १९६१ चं जनरल रजिस्टर काढलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे रजिस्टर म्हणजे शाळेतल्या प्रत्येक मुलाची एक ओळ. नंबर, नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, आधीची शाळा, कधी आला, कुठल्या इयत्तेत, वर्तणूक, कधी गेला, का गेला, शेरा. दाखला म्हणजे त्या एका ओळीचा उतारा, बाकी काही नाही. आणि नावं बाराखडीप्रमाणं नसतात, मुलगा ज्या दिवशी दाखल झाला त्या क्रमानं असतात. त्यामुळं जून-जुलैची सगळी पानं बघावी लागतात.

क्लार्कनं आमच्या आडनावानं बघितलं. आमचं आडनाव गावावरनं पडलेलं, शेवटी कर. नाही सापडलं. परत एकदा बघितलं. ६० चं बघितलं, ६२ चं बघितलं. अण्णा समोर बाकावर बसून पंख्याकडं बघत होते. शेवटी तो म्हणाला, "सर, नोंद आढळत नाही असं लिहून देऊ का?"

मी जवळपास हो म्हणणार होतो. बरं झालं नाही म्हटलं. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढं ऐका, तसं पत्र घाईनं घेऊ नका, शाळेच्या सहीशिक्क्याचं "नोंद नाही" एकदा फाइलला लागलं की पुढं नोंद सापडली तरी लोक आधी तुमच्याकडंच संशयानं बघतात.

आमच्या दहावीच्या ९४ च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं त्या महिन्यात एकच विषय चालू होता, शाळेला स्वागत कमान बांधायची. आधी आम्ही वॉटर कूलर दिलाय, त्याच्यावर आमच्या बॅचचं नाव कूलरपेक्षा मोठं आहे. एक प्रोजेक्टर दिलाय. आता कमान, त्याचं डिझाइन कुणीतरी रोज टाकायचं, कधी शिखराची, कधी विमानतळासारखी. त्या गडबडीत मी लिहिलं की वडिलांचा १९६१ चा दाखला मिळत नाहीये, कुणाची ओळख आहे का. दहा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. का, ते विचारू नका.

रात्री एकाचा फोन आला, आमच्या मागच्या बाकावरचा, आता त्याचा चादरीचा होलसेल आहे.

"काय बे, वडलांचा दाखला शोधूलालास होय? हेडक्लार्क सर आहेत की अजून. आपल्याला फी थकली की वर्गात येऊन उभं करायचे ते. बाळीवेशीकडं राहतात. त्यांनला विचार."

हेडक्लार्क सर! मला वाटलं होतं ते कधीच गेले. मी त्यांना शेवटचं बघितलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि तेव्हाच ते म्हातारे वाटायचे. फोन केला तर आवाज तसाच खणखणीत. म्हणाले, उद्या नको, उद्या पाण्याचा दिवस आहे, परवा या. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी, आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी लग्नकार्यसुद्धा माणसं जपून ठरवतात.

परवा गेलो, शेंगाचटणीचा पुडा घेऊन. सरांनी पुडा हुंगून बाजूला ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला.

"आडनाव तेव्हा काय लावत होता?"

मी म्हटलं, हेच.

"तुम्ही आत्ताचं सांगताय. मी तेव्हाचं विचारतोय. आजोबांचा धंदा काय?"

"कपडे शिवायचे."

"मग शिंपी बघितलं का?"

मी गप्प. सर म्हणाले, अहो त्या काळात पोराला शाळेत घालायला बाप कुठं कागदपत्रं घेऊन येत होता, मास्तर विचारायचे पोराचं नाव काय, तुमचं काय, आडनाव काय, आणि आडनाव काय म्हटल्यावर अर्धी माणसं धंदाच सांगायची. शिंपी, सुतार, कुंभार, साळी. तेच पाटीवर, तेच रजिस्टरात. पुढं पोरं मोठी झाली, नोकरीला लागली, कुणी गावाचं नाव लावलं, कुणी चुलत्याचं बघून लावलं. रजिस्टर मात्र तिथंच राहतं. "मी अठ्ठावीस वर्षं तेच केलं, लोक आडनाव सांगतात आणि मी धंदा विचारतो."

घरी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "हां, शाळेत मला शिंपीच म्हणायचे."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलंस कुठं? तू साल विचारलंस."

यावर मी काही बोललो नाही, गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तिसऱ्या खेपेला हेडक्लार्क सर स्वतः रिक्षानं आले. मी नको म्हणत होतो, ते म्हणाले मला पण बघायचीत रजिस्टरं कशी ठेवलीत ती. ऑफिसमध्ये नवीन क्लार्क उठून उभा राहिला, त्यानं त्यांचं नाव फक्त सह्यांमध्ये वाचलेलं. सर सरळ रेकॉर्ड रूमला गेले. रेकॉर्ड रूम म्हणजे जिन्याखालची खोली, एक पिवळा बल्ब, दोन लोखंडी कपाटं, कपाटाच्या वर गाठोडी. सर म्हणाले ती गाठोडी खाली काढा.

गाठोडी होती चादरीची. आपल्या सोलापुरी चादरी, जुन्या, रंग उडालेल्या, मधे मोराची नक्षी ओळखू येत होती, आणि त्यात चार-चार रजिस्टरं बांधून वर सुतळीची गाठ. सरांनी सांगितलं की एका पावसाळ्यात छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी घरातल्या आणि शिक्षकांकडून मागून आणलेल्या जुन्या चादरीत ही बांधली होती. ते निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली. गाठ त्यांचीच होती. सुतळी सोडताना त्यांनी कातरी घेऊ दिली नाही, नखानं सोडवली, दहा मिनिटं लागली असतील. आणि आम्ही इकडं कमानीच्या शिखराला सोनेरी रंग द्यायचा का कॉपर यावर मतदान घेत होतो.

आतली रजिस्टरं बघून जीव गोळा झाला. कडा कसरीनं खाल्लेल्या, पानाला बारीक बारीक भोकं, एका भोकातनं खालच्या पानावरचं नाव दिसत होतं. काही ठिकाणी कुणीतरी सेलोटेप लावलेला, तो पिवळा पडून त्याच्याखालची शाईच उडालेली. सर म्हणाले सेलोटेप लावणाऱ्याचे हात तोडले पाहिजेत, मग नवीन क्लार्ककडं बघून म्हणाले, तुम्हाला नाही म्हणत.

मग कपाटातलं १९६१ चं उघडलं. शाई निळी-काळी, टाकाची, अक्षर असं की आताच्या पोरांना दाखवावं. सर बोट पानाला न टेकवता हवेतनं खाली नेत होते. जुलैच्या दुसऱ्या पानावर थांबले.

शिंपी पंढरी विठोबा. हिंदू-शिंपी. जन्म १-६-१९५०, एक जून एकोणीसशे पन्नास.

अण्णांनी चष्मा पुसला, वाकून वाचलं आणि पहिलं वाक्य काय म्हणाले तर "अक्षर जोशी मास्तरांचं नाही, हे दुसऱ्याचं आहे." मला रडू येईल असं वाटलं होतं, हसू आलं.

त्या पानावर वीस मुलं होती, मी मोजली, त्यातल्या अकरा जणांचा वाढदिवस एक जून. मास्तरांनी शाळेच्या हिशेबानं बसवलेले. आमच्या ग्रुपवरसुद्धा एक जूनला केकच्या चित्रांचा पूर येतो तो उगाच नाही.

मग मी शेवटचे रकाने बघितले. आमच्या घरात आजवर असं सांगितलं जायचं की अण्णांनी नववीत शाळा स्वतःहून सोडली, अभ्यासात मन लागत नव्हतं, दुकानाची आवड. मला अभ्यासावरनं बोलताना नेहमी हेच, मी बघ शिकलो नाही, माझं मन नव्हतं. रजिस्टरात शाळा सोडल्याचं कारण होतं, "फी थकल्याने व सतत गैरहजर, नाव कमी केले." तारीख नोव्हेंबर १९६५. वर्तणूक चांगली. प्रगती बरी. अण्णांनीपण ते वाचलं. वाचून पान सरांकडं सरकवलं आणि म्हणाले, "प्रगती बरी लिहिलंय, गणितात पहिला होतो मी." फीचं ते काही बोलले नाहीत, मीपण विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही.

आता पुढची किचकट गोष्ट. ओळ सापडली पण आधारवर नाव पंढरीनाथ आणि आडनाव ते गावावरचं, शेवटी कर असलेलं, रजिस्टरात पंढरी शिंपी. क्लार्क म्हणाला आपण आडनाव दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवू. हेडक्लार्क सर एकदम "नाही" म्हणाले. शाळा सोडून गेलेल्याच्या नोंदीत मंजुरीशिवाय पेन लावता येत नाही आणि मंजुरीला किती दिवस जातील कोण सांगतंय. वर जात पडताळणीत मूळ रजिस्टर तपासायला माणसं येऊ शकतात, त्यांना जुन्या नोंदीत नवी शाई दिसली की संपलं. आहे तसं द्या, फरक शपथपत्रात सांगा. मला हे त्यांचं फार पटलं, अन् पुढं उपयोगी पडलं.

मग ते म्हणाले, दाखल्याची स्थळप्रत बघा, १९६८ ची.

पूर्वी दाखल्याचं पुस्तक असायचं, पावतीपुस्तकासारखं. उजवा भाग फाडून विद्यार्थ्याला, डावा भाग शाळेकडं, त्यावर घेणाऱ्याची सही. गिरणीत लागण्यासाठी अण्णांनी १९६८ ला दाखला नेला, तशी नोंद रजिस्टराच्या शेऱ्यात होतीच. पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत होती, तिला कुलूप होतं, किल्ली नव्हती, शिपाईमामांनी कडी स्क्रूड्रायव्हरनं काढली. एकेका पुस्तकात शंभर पानं. तास गेला. मधे चहा झाला. आणि सापडली. वर नाव, शिंपी पंढरी विठोबा. खाली घेणाऱ्याची सही, अठरा वर्षांच्या अण्णांची, लफ्फेदार, आणि सहीत आडनाव ते करवालं. गिरणीत त्यांच्या खात्यात आधीच तीन शिंपी होते म्हणून मुकादमानं सांगितलं होतं दुसरं काहीतरी लाव, ते त्यांनी आदल्याच आठवड्यात लावलं होतं. एकाच चिठोऱ्यावर दोन्ही आडनावं. सरांनी टाळी वाजवली, खरंच वाजवली.

त्यानंतरचं भराभर सांगतो. शपथपत्रासाठी मी स्टॅम्प आणायला गेलो, शंभरचा मागितला, म्हणाला शंभरचा आता चालत नाही, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचाच. घेतला. नंतर कळलं की जात पडताळणी, उत्पन्न, रहिवासी असल्या कामाच्या सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला स्टॅम्प ड्युटी २००४ पासून माफच आहे, साध्या कागदावर चालतं. पाचशे रुपये असेच गेले. तुम्ही देऊ नका. दाखल्याची दुय्यम प्रत चार दिवसांत मिळाली, वर लाल शाईत "दुय्यम प्रत", सोबत रजिस्टरच्या पानाची आणि स्थळप्रतीची मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याची साक्षांकित प्रत. वंशावळीचं शपथपत्र, पोरीचा अर्ज, सगळं ऑनलाइन भरलं, स्कॅन दोनदा रिजेक्ट झाले कारण फाइल मोठी, मग छोटी केली तर वाचता येईना, ते एक वेगळंच प्रकरण. शेवटी कॉलेजमधनं पुढं गेलं.

ऑगस्टमध्ये मेसेज आला, अर्जात त्रुटी, आजोबांच्या आडनावात तफावत. माझ्या पोटात गोळा. मूळ कागद आणि अण्णांना घेऊन जात पडताळणीच्या ऑफिसात गेलो. समोरच्या मॅडमनी स्थळप्रत बघितली, सही बघितली, अण्णांना म्हणाल्या आजोबा, इथं सही करा. अण्णांनी केली. साठीला आलेल्या कागदावरची आणि आत्ताची, शेवटचा लफ्फा हुबेहूब तोच. मॅडम हसल्या, पुढं काही विचारलं नाही. नोव्हेंबरात व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळून झाल्याचं प्रमाणपत्र, आली. पोरीला सांगितलं तर म्हणाली, "ओके पप्पा." झालं.

ग्रुपवर मी रजिस्टरांचे फोटो टाकले होते, कसर, भोकं, सेलोटेप, चादरीची गाठ. म्हटलं कमान राहू द्या, आधी याचं बायंडिंग आणि स्कॅनिंग करू, आपल्या सगळ्यांच्या ओळी त्यात आहेत. लगेच अंगठे आले, भावनिक झालो वगैरे आलं, एकानं लिहिलं की रजिस्टर कुणाला दिसतंय, कमान रस्त्यावरनं दिसते. तो खोटं बोलत नव्हता. शेवटी चादरवाला मित्र, मी आणि अजून सहा जण एवढेच उरलो. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण रजिस्टर शाळेबाहेर न्यायचं नाही या अटीवर, म्हणून नवी पेठेतला बायंडर रविवारी डिंकाचा डबा घेऊन शाळेतच येतो, हेडक्लार्क सर खुर्ची टाकून त्याच्या डोक्यावर बसतात. १९५८ पासूनची पाच झालीत. मित्रानं नवीन चादरी दिल्यात, सर म्हणाले आधी धुऊन आणा, नव्या चादरीला खळ असते, खळीला किडे लागतात.

कमानीचं काम पण सुरू झालं, कॉपर रंग जिंकला.

मागच्या रविवारी अण्णा पण आले होते. निघताना ऑफिसमध्ये गेले, खिशातनं पाचशेची नोट काढली, म्हणाले बायंडिंगला. क्लार्कनं पावतीपुस्तक काढलं, पेन उघडलं.

"माजी विद्यार्थी म्हणून फाडतो आजोबा. नाव?"

"पंढरी विठोबा शिंपी," अण्णा म्हणाले. क्लार्कनं माझ्याकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "तिकडं काय बघतोस, रजिस्टरात बघ."